घामाबद्दल तू विचारलंस ते

ठाणे,
१२ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात ४२ अंशांतही अंग कोरडं राहायचं आणि नेरुळला ३४ अंशांत स्टेशन गाठेपर्यंत शर्ट चिकटतो, म्हणजे इथे घाम जास्त येतो का, असं तू विचारलंस. घाम तिथेही भरपूर यायचा, फक्त दिसायच्या आत उडून जायचा. अंग गार होतं ते घाम फुटल्याने नव्हे, तो वाळल्याने. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; निथळून खाली पडलेला थेंब जवळजवळ काहीच नेत नाही. खाडीकाठच्या आपल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळता वाळत नाही. उष्णता आतच राहते आणि मेंदू आणखी घाम सोडायला लावतो. पाणी जातं, मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही.

म्हणून इथे पंखा हवाच. त्वचेलगत साचलेली दमट हवा तो हटवतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हवाच त्वचेपेक्षा गरम असते, तेव्हा नुसता पंखा तापवतो. तिथे ओला पंचा अंगावर घेऊन बसावं.

धाकट्याच्या शर्टावरचे पांढरे चट्टे मिठाचे. उन्हात खेळायची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, पण त्यातलं मीठ कमी होतं, कारण ग्रंथीची नळी सोडियम परत ओढून घ्यायला शिकते.

वहिनींना सांग, ओआरएस रोज नको. जेवणातलं मीठ आणि पाणी पुरतं, वर ताक घ्या. जुलाब झाले किंवा तासन्‌तास घाम गेला तर मात्र द्या. पुडी १ लिटरची की २०० मिलिलिटरची, ते आधी वाचा. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली की द्रावण इतकं दाट होतं की ते आतड्यात उलट पाणी खेचतं, आणि जुलाब वाढतात. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर चवीसाठी नाही: आतडं ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. मीठ अंदाजाने टाकू नका, लहान मुलांना जास्तीचं मीठ धोक्याचं असतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नकोस. उष्माघातात घाम चालूही असू शकतो. १०८ ला फोन कर, सावलीत ने, कपडे सैल कर, अंगभर पाणी ओत आणि वारा घाल. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि पाण्यात बोटांना सुरकुत्या का पडतात, हा तुझा दुसरा प्रश्न. त्या कातडी पाणी पिऊन फुगल्याने नव्हेत. मज्जातंतूंच्या हुकमाने बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. हाताचा मज्जातंतू तुटला असेल तर त्या बोटांना सुरकुत्या पडत नाहीत, म्हणून डॉक्टर कधी कधी हात कोमट पाण्यात ठेवूनच मज्जातंतू तपासतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद