पिग्मी मोडलीस त्यावरून

निपाणी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'हां, हां' करून ठेवतोस, म्हणून लिहितोय.

पिग्मीचा राग गेला असं म्हणणार नाही. तुझ्या नावानं रोज १०० रुपये, चार वर्षं घातले होते; आठवड्यात ऑनलाइन रमीत गेले. पण धारवाडला डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा माझीही चूक कळली. (बसमध्ये शेजारच्यानं विचारलं तर मी 'पेढे आणायला' म्हणालो. धारवाड म्हटलं की आपल्याकडं लोक डोक्याशी बोट फिरवतात ना! तेही चुकलंच माझं.)

गेल्या दिवाळीत रात्री तीनला परड्यात बल्ब लावून तू गाडीचा कार्बोरेटर खोलला होतास. सुटे भाग पेपरवर ओळीनं मांडलेले, एकेक पुसत शीळ घालत होतास. चौथी रात्र ती. आई म्हणाली, 'पोरगा झोपत नाही हो.' मी म्हटलं, 'कामाला लागलाय तर लागू दे, आजोबांवर गेलाय.' ते शर्यतीच्या बैलापायी शेत गहाण टाकणारे. तुझा हट्ट, तुझी उधळपट्टी मी त्यांच्याच खात्यावर मांडत आलो. डॉक्टर म्हणाले, स्वभाव बारा महिने असतो. झोप नसून ताजंतवानं राहणं, बोलणं न थांबणं, खिशाचं भान सुटणं, हे एकदम चढतं नि काही आठवड्यांनी-महिन्यांनी उतरतं, तो आजार, बायपोलर म्हणतात त्याला. उतरलास तेव्हा मला वाटलं शहाणा झालास. तू तर अंथरुणाला खिळला होतास.

रमीचं मात्र पटेना. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला माझा. व्यसन म्हणजे मळायची, ओढायची नाहीतर प्यायची वस्तू, एवढंच ठाऊक. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदानाच्या पुस्तकात जुगाराला दारूच्या पंगतीला बसवलं म्हणे. पण नुसता चढाच्या दिवसांतला जुगार वेगळा धरत नाहीत, तो त्या आजारातच जमा. म्हणून आपल्या डॉक्टरांनी विचारलं, 'तब्येत बरी असताना खेळायचास का?' तू माझ्याकडं बघितलंस नि गप्प झालास. मी तेव्हा उठून बाहेर जायला पाहिजे होतं. पुढच्या खेपेला मी बाकड्यावर बसतो, तू आत खरं काय ते सांग. दोन्ही असतील तर इलाजही दोन लागतात.

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली बंदीचा कायदा झाला, त्यावर विसंबू नकोस. मटक्यालाही बंदीच आहे की, आकडे घेणारे थांबलेत का?

लिथियम, म्हणजे हा चढ-उतार आवरायची गोळी, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. रक्तातलं प्रमाण वेळेवर बघून घे, बहुतेकांचं ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. थायरॉईड, किडनीही तपासायची. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं, म्हणून आषाढीची निर्जळी बंद. विठोबा समजून घेईल, आईची समजूत मी काढलीय. जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच डॉक्टरांना फोन कर. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं घेऊ नकोस, काही गोळ्यांनीही ते वाढतं.

आणि दोन रात्री झोप लागली नाही, तरी अंगात ताकद वाटली, तर मला फोन कर. किती वाजलेत बघू नकोस.

सोमवारपासून पिग्मी परत चालू केलीय, रोज ५०. नाव आईचं.

तुझे आप्पा