दूध पावडरीच्या डब्याबद्दल
मस्कत, २४ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

येथील माझे राजापूरचे सहकारी पुढच्या आठवड्यात गावी येत आहेत. त्यांच्याबरोबर दूध पावडरीचा मोठा डबा पाठवत आहे. गेल्या वर्षीचा डबा आषाढातच दगडासारखा झाला, तेव्हा मी फोनवर येथल्या दुकानदाराला दोष दिला होता. आता विचार करता दोष आपल्या फळीचा वाटतो, कारण ती फळी गॅसच्या बरोबर वर आहे आणि भाताची सगळी वाफ तिथेच चढते.

पावडर म्हणजे पाणी काढून घेतलेले दूध. तिच्यात पाणी शेकडा पाचाहूनही कमी उरते, आणि दुधातली साखर हवेतला ओलावा इतक्या हावरेपणाने ओढते की आपल्याकडच्या पावसात मिठाची जी गत होते तीच तिची होते. आधी ती चिकट होते, मग तिचे खडे बनतात. म्हणून डबा आला की लगेच उघडू नकोस. काचेच्या लहान बरण्या धुऊन दिवसभर कडक उन्हात ठेव आणि पूर्ण गार झाल्यावरच भर, कारण गरम बरणीला झाकण लावले तर आतूनच घाम सुटतो. एक बरणी रोजच्या वापराला ठेवून बाकीच्या घट्ट बंद करून देवघराशेजारच्या कपाटात ठेव. रोजची बरणी फ्रिजमध्ये मात्र नको, कारण ती बाहेर काढून उघडताच गार पावडरीवर हवेतले पाणी धरते. चमचा कोरडा असावा, आणि तो बरणीत ठेवून देऊ नये. (ही सूचना बाबांसाठी आहे, हे तू ओळखले असशीलच.)

ही पावडर सायीसकट दुधाची आहे, तिच्यात स्निग्धांश शेकडा सव्वीसच्या वर असतो. त्यामुळे उष्णतेत ती खवट होते, बिनसायीची मात्र जास्त टिकते. उघडल्यावर महिन्याभरात संपवावी. खडे बोटाने सहज फुटत असतील आणि वास चांगला असेल तर खुशाल वापर. रंग पिवळट-तपकिरी होऊन जुनाट वास येऊ लागला, तर जीव न अडकवता टाकून दे.

दूध करताना एका सपाट वाटीला त्याच वाटीने चार वाट्या पाणी घ्यावे, म्हणजे लिटरभर दुधाला सुमारे १३० ग्रॅम पावडर लागते. पाणी उकळून कोमट झालेले हवे. उकळत्या पाण्यात पावडर टाकली की गुठळ्या वरून भिजतात आणि आत कोरड्याच राहतात. पिठल्याचे पीठ तू जसे आधी थोड्या पाण्यात कालवतेस तसेच कर. चहासाठीही वेगळ्या कपात कालवून मगच ओत, येथे खोलीवर आम्ही चौघे असेच करतो. दह्यासाठी पावडर थोडी वाढव, दही घट्ट लागते. एकदा कालवले की ते साधे दूधच होते आणि दुधासारखेच नासते, म्हणून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे.

ताईच्या बाळाला हे दूध देऊ नये, हे तिला आवर्जून सांग. वर्षाच्या आतल्या बाळासाठी ही पावडर नसते. डॉक्टरांनी बाळाची वेगळी पावडर सांगितलीच, तर तीही जंतुरहित नसते. म्हणून ती किमान ७० अंश गरम पाण्यात करून, कोमट झाल्यावर ताबडतोब पाजायची असते.

बाबा याला खोटे दूध म्हणतात. म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही असेच एकेकाळी जाणकारही म्हणत. पण अमूलचे तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला तिचा कारखाना उभा राहिला. साय मात्र या दुधावर फारशी धरत नाही, हे बाबांचे म्हणणे मला मान्य आहे. तेव्हा त्यांच्या भाकरीसाठी म्हशीच्या दुधाचा रतीब बंद करू नकोस. पुलावर पाणी येऊन गवळी अडकला की मगच ही बरणी काढ.

तुझा,
बाळू

ता. क. डबा उघडलास की झाकणावर तारीख लिहून ठेव.