अण्णासाहेब लठ्ठे : दिवाण दिसले, प्राध्यापक कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावरील लेख वाचला. कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७च्या मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळातील अर्थमंत्री या दोघांची त्यात उत्तम भेट झाली. राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक लठ्ठे मात्र अर्ध्या वाक्यात आटोपले. दारूबंदीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नाच्या भरपाईसाठी शहरी मिळकतींवर बसवलेला १० टक्के कर आणि त्यावरचा गहजब यांना दोन रकाने मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्या माणसाने १९०५ साली जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि शाहू महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांत, १९२४ साली, शाहूचरित्राचे दोन इंग्रजी खंड सिद्ध केले, त्याच्या लेखनासाठी आपल्या लेखकमहाशयांना एक परिच्छेदही काढता येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. दरवर्षी २६ जूनला आपणच छापता त्या शाहूविषयक लेखांत या खंडांतील मजकूर नाव न घेता भेटत असतो, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

अर्थात दोष एकट्या लेखकमहाशयांचा नाही. मी आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकवले आणि निवृत्तीनंतर हे खंड सलग वाचावेत म्हणून शहरातील एका जुन्या वाचनालयात गेलो. चरित्रांच्या कपाटात ते नव्हते, इंग्रजी विभागातही नव्हते. बऱ्याच शोधाशोधीनंतर पहिला खंड सापडला तो सहकार आणि राजकारण यांच्या फळीवर, जुन्या अंदाजपत्रकांच्या शेजारी. कारण विचारता ‘लठ्ठे मंत्री होते ना?’ असे उत्तर मिळाले. दुसरा खंड बांधणीला गेला आहे, पुढच्या महिन्यात या, असे सांगण्यात आले. पुढच्या महिन्यात बांधणीवाला बदलला होता, त्याच्या पुढच्या महिन्यात ग्रंथपाल. शेवटी तो खंड नोंदवहीत ‘आढळत नाही’ या शेऱ्यासह आढळला. सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्या विद्वानाचे ग्रंथ लोक त्याच्या खुर्चीखालीच ठेवतात, एवढाच बोध मी त्या दिवशी घेऊन आलो.

लेखातील दुसरी उणीव मला अधिक लागली. १९१४चे डांबर प्रकरण, म्हणजे कोल्हापुरातील ब्रिटिश राजपुतळ्याला डांबर फासल्याचा आणि त्याचा संशय लठ्ठ्यांवर आल्याचा प्रसंग, त्यात नावालाही नाही. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचा झालेला छळ आणि त्यांनी सोसलेली कोठडी कर्मवीरांच्या प्रत्येक चरित्रात आहे. ज्यांच्यासाठी हे सोसले त्या लठ्ठ्यांवरील लेखात मात्र ती नसावी! शाहू महाराज, भाऊराव आणि लठ्ठे तिघेही आपल्याला पूज्य, म्हणून तिघांमधली ती कटू वर्षे गाळायची, असा हा हिशेब दिसतो. माझ्या मते याने लठ्ठ्यांचेच सर्वांत मोठे नुकसान होते. ज्या दरबाराच्या संशयामुळे कोल्हापूर सोडून बेळगाव गाठावे लागले, त्याच दरबाराच्या धन्याचे चरित्र लिहायला दहा वर्षांनी बसणे, पत्रव्यवहार चाळणे, तो छापणे, आणि पुढे त्याच संस्थानची दिवाणगिरी राजाराम महाराजांच्या काळात सांभाळणे, हे कशातून आले असेल? केवळ राजकीय धोरणातून, असे कोणी म्हणेल. इतरांच्या आयुष्याकडे लेखक म्हणून बघण्याची जी सवय वाङ्मयाच्या अभ्यासाने लागते तिचाही त्यात वाटा असावा, असे मला वाटते; पण हा विचार मांडायला आधी १९१४ छापावे लागेल.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात शाहूचरित्राच्या दोन खंडांना आणि डांबर प्रकरणाला जागा मिळावी, ही विनंती. तसेच तो उत्तरार्ध करड्या रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापू नये. पूर्वार्ध मला सूनबाईंकडून मोबाईलवर फोटो काढून, मोठा करून वाचून घ्यावा लागला, आणि त्यांनी मध्येच विचारले की, हे लठ्ठे सांगलीच्या त्या शिक्षणसंस्थेचेच का.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
शिवाजी पेठ, कोल्हापूर