खुर्चीवरून उठलेल्या डॉक्टरबाईंना

डॉक्टर,

तुम्ही माझ्या मुलीहूनही लहान असाल. नमस्कार लिहावा की आशीर्वाद, ठरेना, दोन्ही घ्या.

पाठदुखीपायी मी पुण्यातले बरेच दवाखाने पालथे घातले. एका नामांकित डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता "साठी उलटली की असंच चालायचं" म्हणून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. फी मात्र चांगली धडधाकट होती. सोसायटीतल्या मोफत शिबिरात टाचेला मशीन लावून "हाडं उत्तम" असा कागद मिळाला, वर पावडरच्या डब्यावर सवलत.

तुम्ही मात्र खुर्चीवरून उठलात. चपला काढायला लावून मला भिंतीला टेकवून उभं केलंत, डोक्यावर फाइल आडवी धरलीत, पेन्सिलीने खूण केलीत आणि टेपने मोजलंत. मग ह्यांना विचारलंत, "काका, लग्नात काकू तुमच्या कुठवर यायच्या?" हे आधी गोंधळले, मग कानाच्या पाळीला बोट लावून दाखवलं. शेजारी उभे राहिले तर मी जेमतेम हनुवटीशी. (एवढं निरखून ह्यांनी माझ्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, देव जाणे.) तुम्ही म्हणालात, "काकू, तुमचं दुखणं खरं आहे. मणका दबला असणार, फोटो काढू." डॉक्टर, दुखणं खरं आहे हे मला तोवर कोणी म्हटलंच नव्हतं. डोळे भरून आले ते त्यामुळे.

एक्स-रेमध्ये एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला निघाला. ना पडले, ना आपटले. गव्हाचा डबा उचलल्याचं काय ते निमित्त. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (आपली हाडं निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत किती विरळ ते सांगणारा आकडा) उणे ३.१ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि सुरुवातीची काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, नुसत्या कॅल्शियमने ते भरून निघत नाही, हे तुम्ही पाठकोरा कागद घेऊन चित्र काढून समजावलंत. बाहेर रांग होती तरी.

आता हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास ना आडवं व्हायचं ना चहा घ्यायचा. सकाळी मला चहावाचून अर्धा तास बसवणं ह्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत. नाचणीची भाकरी, तीळ, सकाळचं चालणं, न्हाणीघरात धरायला दांडी, सगळं झालं.

चांगुलपणा मोठा असावा लागत नाही हो. परवा पाठ दुखतेय म्हटल्यावर रिक्षावाल्याने प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षा जवळजवळ थांबवली. मागचे हॉर्न वाजवून दमले, हा ढिम्म. बोलायला तुसडा, पण माणूस सोन्यासारखा.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, असं तुम्ही विचारलं होतंत. मोडलं होतं. म्हणून धाकट्या बहिणीला घेऊन येतेय. तिची पाळी नुकतीच थांबली आहे आणि गेल्या पावसाळ्यात घरातच घसरून मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालणाऱ्यांनी हाडांची तपासणी सुचवलीसुद्धा नाही. ती बोलते फार, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
सहकारनगरची काकू