हिंगणघाटला गेलास तर

ठाणे, नौपाडा

प्रिय निल्या,

तुझी नागपूरला बदली झाली हे वहिनींकडून कळलं, तू स्वतः सांगितलं नाहीस हे लक्षात ठेवलंय. आता एक काम टाकतोय तुझ्यावर, पण त्याआधी थोडं पकवणार, कारण सध्या मला अॅटलसचं वेड लागलंय आणि घरातले ऐकून ऐकून कंटाळलेत.

पहिला मॉडर्न अॅटलस काढला अब्राहम ऑर्टेलियसनं, अँटवर्पला, १५७० मध्ये. हा मूळचा नकाशे रंगवणारा, म्हणजे दुसऱ्यांचे छापलेले नकाशे घ्यायचे, ब्रशनं रंग भरायचे आणि विकायचे. तेव्हा नकाशे मिळायचे पण एक एवढा तर एक तेवढा, नीट ठेवायची सोय नाही. यानं सगळे एकाच साइजमध्ये तांब्याच्या पत्र्यांवर नव्यानं कोरून घेतले (अक्षरं उलटी कोरायची बरं का, छापल्यावर सुलट यावीत म्हणून) आणि ५३ नकाशांचं बांधीव पुस्तक केलं. पण मला तो आवडतो ते वेगळ्याच कारणासाठी. ज्यांच्या कामावर आपलं पुस्तक उभं आहे अशा ८७ जणांची यादी त्यानं चक्क छापली! १५७० मध्ये! इथे आमच्या ऑफिसात रात्रभर बसून पीपीटी बनवणाऱ्याचं नाव शेवटच्या स्लाइडवर पण नसतं.

अॅटलस हे नाव मात्र त्याच्या दोस्तानं दिलेलं, मर्केटर नावाच्या नकाशाकारानं. हा १५४४ मध्ये पाखंडी म्हणून सात महिने आत होता. १५६९ मध्ये त्यानं जहाजवाल्यांना दिशा सरळ रेषेत आखता यावी असा नकाशा काढला आणि त्यापायी ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसायला लागलं, खरं तर आफ्रिका चौदापट मोठी आहे. घोडबंदर रोडला अडकल्यावर मोबाइलच्या नकाशावर जी लाल रेघ बघत बसतो ना आपण, त्या नकाशामागचं गणितही थोड्याफार फरकानं तेच. त्याचा अॅटलस त्या नावानं छापून आला १५९५ मध्ये, तो गेल्यावर, मुलानं काढला. पुढे अॅमस्टरडॅमच्या ब्लाऊंनी ११ खंडांचा काढला पण ते श्रीमंतांच्या दिवाणखान्याचं प्रकरण, सोडून देऊ.

आता तुझ्या कामाचं. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रजानं १८०२ मध्ये मद्रासजवळ १२ किलोमीटरची एक सरळ रेष जमिनीवर मोजली, शंभर फुटी पोलादी साखळीनं, आणि ती साखळी उन्हानं तापून लांबते म्हणून लाकडी पेट्यांत ठेवून तिचं तापमान बघत बघत. एक बाजू पक्की झाली की पुढे फक्त कोन मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजत जायचा. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्धा टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटून वाकडं झालं, तर हा माणूस तंबूत दीड महिना बसून स्वतःच ठोकून ठोकून सरळ करत होता. धन्य!

तर हा लॅम्ब्टन १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे येताना वाटेत हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. म्हणजे बघ, शिखराला नाव त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं, त्या शिखराच्या उंचीचा हिशोब केला त्याच सर्वेक्षणातल्या राधानाथ सिकदर या गणितज्ञानं, आणि ज्यानं हे सगळं सुरू केलं तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, कोणाला पत्ता नाही. आणि साखळी ओढणारे, झेंडे धरून तासन्‌तास टेकडीवर उभे राहणारे, जंगलात तापानं मेलेले मजूर, त्यांची यादी कोण छापणार? ऑर्टेलियस असता तर छापली असती असं मला उगाच वाटतं.

तुझ्याकडून हैदराबाद हायवेनं सरळ रस्ता आहे, एखाद्या रविवारी जा. कबरीवर काय लिहिलंय ते वाचता येईल इतक्या जवळून फोटो काढ, तुझे फोटो नेहमी लांबून आणि वाकडे. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार की ही कबर कोणाची म्हणतात, काय सांगतात ते जसंच्या तसं लिहून पाठव, स्वतःची भर घालू नकोस.

वहिनींना नमस्कार. संत्रा बर्फी पाठवलीस तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
मन्या