तुझ्या काकांची बाराबंदी

प्रिय भावा,

परवा फोनवर तू तिसऱ्यांदा विचारलास की काकांची बाराबंदी (बटणाऐवजी बारा बंदांनी बांधायची ती बंडी) सोलापूरला परत कधी पाठवतोस, आणि मी तिसऱ्यांदा 'पाठवतो की लेका' म्हणून विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. पण डायरेक्ट तिथं येत नाही, आधी सगळं ऐक, म्हणजे शिव्या जरा कमी पडतील.

तुला माहितीच हाय, पेठेतल्या पोरांनी मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी पन्हाळ्यावर शिवकालीन बाजार भरवायचं ठरवलं. साल धरलं 1673. कारण 6 मार्च 1673 ला कोंडाजी फर्जंदांनी 60 माणसं घेऊन रात्रीत पन्हाळा घेतला, त्यानंतरचा गडावरचा बाजार अशी कल्पना. लोहार, कुंभार, घोंगडीवाला, मर्दानी खेळवाली पोरं, सगळे आपापल्या जागी काम करणार आणि लोकांनी फिरत बघायचं. मला म्हणाले तुला मोडी येतंय, तू कारकून हो, लोकांची नावं मोडीत लिहून दे. दिवसाला 800 रुपये आणि दोन टाइम जेवण. अट एकच, कपडे स्वतःचे आणि त्या काळाला शोभणारे.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा सिरियलमधला सरदारच आला. मखमली कोट, त्यावर सोनेरी लेस, डोक्याला तुरा, कमरेला तलवार. एका ड्रेसवाल्याकडं जाऊन आलो पण, दोन दिवसाचं भाडं 1500, आतनं सगळं नायलॉन आणि पाठीला चेन! पुढनं शिवकाल आणि मागनं दप्तर. वर काखेत आधीच्या मावळ्याचा घाम तसाच. आणि विचार केला तर गडावरचा कारकून असलं कशाला घालंल? त्याला दिवसभर मांडी घालून लिहायचंय.

मग प्रश्न आला की कारकून घालत काय होता. महाराजांची त्या काळच्या आसपासची चित्रं हायत, त्यातलं एक आज ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममधे हाय, 1680 च्या दशकातल्या गोवळकोंड्याच्या अल्बममधलं. जामा म्हणजे लांब अंगरखा दिसतो, कमरेला पटका दिसतो, डोक्याला घट्ट बसलेलं पागोटं. पण राजाचं चित्र कोणीपण काढंल, कारकुनाचं कोण काढतंय? शेवटी साधा हिशोब केला. धोतर, अंगात बंदांची बंडी, खांद्यावर उपरणं, डोक्याला मुंडासं, पायात पायताण. आणि बंदांची बंडी म्हटल्यावर तू आठवलास, म्हणजे तू नाही, तुझे काका. सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, म्हणजे तुमच्या जत्रेला, नंदीध्वजाबरोबर सगळे पांढऱ्या बाराबंदीत चालतात तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास. बाराबंदी 1673 ला हुबेहूब अशीच होती असं मी छातीठोक सांगणार नाही, पण बटणाच्या जागी बंद ही गोष्ट पक्की, आणि जिवंत माणसाच्या अंगावर आजपण घातली जाणारी दुसरी बंडी मला तरी माहीत नाही. म्हणून तुझ्या मागं लागलो, नमुन्याला पाठव, फक्त नमुन्याला. (हे 'फक्त नमुन्याला' लक्षात ठेव, पुढं लागणार हाय.)

कापड आणायला लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदाराला म्हटलं मांजरपाट द्या, कोरा, बिनधुतलेला, पाच मीटर. त्यानं हातातला चहा खाली ठेवला, आवाज बारीक केला आणि म्हणाला, "कोण गेलं ओ?" मी म्हटलं कोण नाही, मलाच घालायचंय. त्याच्या तोंडाकडं बघण्यासारखं झालं होतं.

टेलर आपला जुनाच, शिवाजी पेठेतला. त्यानं काकांची बाराबंदी उलटी-पालटी करून पाच मिनटं बघितली. बारा बंद म्हणजे सहा जोड्या, हे त्याला मोजून दाखवलं तर म्हणतो, "चार बटनं लावतो, वरनं बंद चिकटवतो, कुणाच्या बापाला कळतंय?" मी म्हटलं मला कळतंय. मग काखेतला चौकोनी तुकडा. आपल्या शर्टाला तो नसतो. बाही सरळ पट्टीसारखी कापायची, अंगाचा भाग पण सरळ, आणि काखेत कापडाचा चौकोन तिरका बसवायचा, त्यानं हात वर केला तरी बंडी वर चढत नाही. कापड वाया जात नाही आणि फाटतंय पण कमी. टेलर आधी कुरकुरला, मग शिवता शिवता त्यालाच ते आवडलं, आता म्हणतो मी माझ्या पैरणीला घालणार.

एक घोळ मात्र झाला, बंद कुठल्या बाजूला. जुन्या चित्रात हिंदूंचा जामा डाव्या काखेखाली बांधलेला असतो आणि मुसलमानांचा उजव्या, जाणकार माणसं चित्रातला माणूस त्यावरनं पण ओळखतात. टेलरनी कापड पालथं टाकून बेतलं आणि सगळं उजवीकडं गेलं. "बघा, माझ्याकडं आला की तुम्ही," म्हणून टेलर चाचा पोट धरून हसले. नशीब कच्च्या टाक्यावरच होतं. शिलाई मशीन आलंय 1850 च्या सुमाराला, म्हणजे आमच्या बाजारानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, म्हणून मी तडजोड केली, आतली शिवण मशीनची आणि दिसंल ती सगळी हातची. चार रात्री धावदोरा घालत बसलोय. बोटाची चाळण झाली.

आता मुंडासं. आपला कोल्हापुरी फेटा, तुरा काढलेला, भगवा झगझगीत, लग्नात भारी दिसतोय, पण तो भगवा रंग डब्यातला हाय. रसायनातनं कपड्याचा रंग काढायचं 1856 ला सुरू झालं. त्याच्या आधी नीळ, हळद, कुसुंबा, मंजिष्ठा असलंच. मी म्हटलं घरीच रंगवू, मंजिष्ठा तर काष्ठौषधीच्या दुकानात किलोवर मिळते. पहिल्यांदा अर्धा किलो आणली, पातेल्यात घातली, खदाखदा उकळली, कापड बुडवलं. बाहेर काय आलं सांगू? चहाच्या गाळणीचा रंग. मग विचारपूस केल्यावर कळलं की सुती कापड रंग असा धरत नाही, आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, परत वाळवायचं, आणि मग मंजिष्ठा, ती पण उकळू द्यायची नाही, हात घालवत नाही एवढंच गरम ठेवायचं, उकळली की लाल मरतो आणि तपकिरी वर येतो. दुसऱ्या खेपेला असला लाल आला भावा, विटकरी पण नाही, कुंकवाचा पण नाही, जुन्या वाड्यातल्या पडद्यासारखा. आई फक्त एवढंच म्हणाली की पातेलं नवीन आणून दे.

पायताणाला चप्पल लाईनला तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडं खाली रबर. आता कोल्हापुरीला 2019 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, मिलानच्या रॅम्पवर पण जाऊन आली, पण रबर नसलेली मागितली की दुकानदार असा बघतो की हा पैसे द्यायला आलाय का वाद घालायला. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिरानं चामड्याच्याच तळव्याची काढून दिली, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली. आठ दिवस तेल लावून घरात घालून फिरलो. पहिले तीन दिवस टाचेला फोड, मग अशी बसली पायाला की बस. करकर इतकी की बायको म्हणते चोर तरी नक्की होणार नाहीस.

शनिवारी पहाटे गडाच्या 'तीन दरवाजा'पाशी पोचलो तर धुकं, आणि मी घोंगडं पांघरून उभा. अंबरखान्याच्या बाजूला आमचं जाजम टाकलेलं, पुढं उतरतं मेज, दौत, बोरू, वाळूची डबी. मोडीचं तुला माहीत नसंल, आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि खाली हात न उचलता लिहीत जायचं. शाई ओली असली की वर वाळू भुरभुरायची. एक सुख म्हणजे मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, त्यामुळं शाळेत ज्याच्यासाठी मार खाल्ला ते सगळं इथं माफ.

नऊपर्यंत आमच्याकडं काळं कुत्रं नाही. सगळी गर्दी मखमली सरदारांकडं, सेल्फी काढायला. बारा वाजले आणि उन्हानं खेळ फिरवला. मार्चचं ऊन, वर नायलॉन, आत नायलॉन, सरदारांचे चेहरे भाजलेल्या वांग्यासारखे. एकजण तर जिरेटोप काढून त्यानंच वारा घालत बुरुजाच्या सावलीत पडलेला. मी मात्र मांजरपाटात गार, घाम यायचा, कापड प्यायचं, वारं आलं की अंग थंड. चौकोनी तुकड्यामुळं हात वर-खाली करून दिवसभरात दोनेकशे नावं लिहिली तरी खांदा आखडला नाही. मला कोणी फोटोला बोलावलं नाही, पण चार वाजता दोन सरदार माझ्या जाजमावर येऊन बसले आणि म्हणाले, भावा हे कुठं शिवून मिळतंय?

अडचणी पण सांगतो. खिसा नाही. मोबाईल कनवटीला खोचला तर धोतर घसरायला लागलं, शेवटी कमरेला कसा, म्हणजे जुन्या काळची पैशाची पिशवी, बांधला. क्यूआर कोड दप्तराच्या रुमालाखाली लपवलेला, पण त्याचा स्पीकर बंद करायचा राहिला, एक बाई भक्तिभावानं नाव लिहून घ्यालती आणि खालनं आवाज आला, पन्नास रुपये प्राप्त झाले. चष्मा प्लास्टिकचा म्हणून काढून ठेवला होता, तर माणसाचं तोंड दिसेना, आवाजावर नावं लिहिली. धोतर नेसून बाथरूमला जाणं यावर मी वेगळं पत्र लिहीन.

एक तरुण येऊन भांडला, शिवकाळात दफ्तर, कारकून असले फारसी शब्द कशाला वापरता. मी म्हटलं दादा, फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला राज्याभिषेकानंतर, राज्याभिषेक 1674 चा, आणि आम्ही 73 मधे बसलोय, एक वर्ष थांबा, बदलतो. जेवणात पण असंच, बटाटावडा बंद, टोमॅटो बंद, चहा तंबूच्या मागं चोरून. मिरची पण पोर्तुगीजांनीच आणलेली, पण ती काढून कोल्हापुरात पान वाढायची हिंमत कुणात हाय?

सगळ्यात भारी एक आजोबा. जुनी कागदपत्रं वाचण्यात आयुष्य गेलेलं दिसत होतं. त्यांनी माझं लिहिलेलं हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "कपडे छान. अक्षर मात्र पेशवाईतलं हाय, तुम्ही शंभर वर्षं पुढनं आला." त्यांचं खरं होतं, मी ज्या वळणावर शिकलो ते उतरतं पेशवेकालीन वळण. शिवकालीन अक्षर वेगळं, आता ते गिरवायला घेतलंय.

आता मुद्द्याचं. शनिवारी संध्याकाळी माझ्या बंडीवर एका पोरानं आख्खा ताकाचा पेला उलटा केला. रात्री धुतली, पहाटेच्या धुक्यात वाळली नाही. दुसरी कुठली होती माझ्याकडं? नमुन्याची. पिशवीतच होती. मी म्हटलं एक दिवस घालू, जपून घालू, काकांना काय कळतंय. आणि खरंच जपली, दुपारी तीनपर्यंत. मग त्या आजोबांना दाखवायला म्हणून जोरात बोरू झटकला.

शाई काजळ आणि डिंकाची होती, मीच केलेली. लिंबू लावलं, दूध लावलं, टेलर चाचांनी काहीतरी पावडर लावली. डाग उजव्या बाहीवर, मनगटापासनं चार बोटं वर, साधारण रुपयाएवढा. बघितलं तर फिका वाटतो, पण पांढऱ्यावर काळं ते काळंच.

गड्डा जानेवारीत हाय, वेळ हाय. मी चाचांकडनं काकांच्या मापाची कोरी बाराबंदी शिवायला टाकली हाय, डावीउजवी दोनदा सांगून, दिसंल ती शिवण मी स्वतः हातानं घालणार. पुढच्या महिन्यात दोन्ही घेऊन मीच सोलापूरला येतो. तोपर्यंत काकांनी विचारलं तर सांग अजून माप घ्यालोय. आणि जुनी आधी तू बघ, मग तूच ठरव त्यांना दाखवायची का नाही.

काकूंना शेंगाची चटणी करून ठेवायला सांग.

तुझा,
कारकून