दोन बोटं आखूड झब्बा

सिंगापूर,
दिवाळी पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईस आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवाचे फोटो पाहून तू फोनवर लगेच विचारलंस, "अगं, धाकट्याच्या अंगावरचा झब्बा तो नव्हे. आपण घेतलेला पिवळा कुठं गेला?" तेव्हा पोरं मध्येच ओरडत होती, बाबा फोन मागत होते, म्हणून "नंतर सांगते" एवढंच म्हणाले. मंडळातल्या एक काकू शुक्रवारी निघाल्यात. मुंबईहून पुढं कोल्हापूरला जाणार आहेत, तिथून दादा सामान घेऊन येईल. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि एक पुडकं देतेय. पिवळा झब्बा त्या पुडक्यातच आहे.

त्याचं झालं असं. जूनच्या सुट्टीत आम्ही इचलकरंजीला आलो तेव्हाच तू म्हणालीस, दिवाळीचं आत्ताच उरकून घ्या. झब्बा तयार घेतला. थोरलीचं परकर-पोलकं तू घरी शिवलंस, तुझ्या जुन्या इरकलीचा परकर आणि खणाचं पोलकं. इथं आल्यावर मी सगळं नीट घडी घालून, मध्ये लवंगा ठेवून कपाटात ठेवलं आणि निर्धास्त झाले. इथं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळं वर्षाची परीक्षा नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते. थोरलीचा अभ्यास, माझं ऑफिस, चकल्या, चिवडा. शनिवारी धनत्रयोदशीचा दिवा लावून झाला आणि म्हटलं, कपडे एकदा अंगाला लावून बघू.

झब्बा डोक्यातून गेला आणि खांद्यात अडकला. बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर. पोरगं चार महिन्यांत एवढं वाढलं, रोज डोळ्यांसमोर असूनही मला कळलं नाही. "आई, हात वर होत नाही," म्हणून तो रडकुंडीला आला. मी झब्बा उलटा करून शिवण बघितली. कापड अगदी कडेला कापलेलं, वर इंटरलॉक. उसवून सोडायला काडीभर जागा नाही.

मग भीतभीत थोरलीला परकर नेसवला. तोही घोट्याच्या वर चार बोटं. पण तो उलटा केला आणि, आई, मी तिथंच खाली बसले. आतून चार बोटांची पट्टी दुमडून तू हातशिलाई घातली होतीस. पोलक्याच्या दोन्ही कुशींना इंच-इंच माया. मला तू सांगितलंही नव्हतंस. "माया ठेवा हो भरपूर," असं तू गल्लीतल्या शिंप्याला सांगायचीस, तेव्हा मला वाटायचं तू त्याला आमच्यावर जीव लावायला सांगतेस. शिवणीतल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात हे मला किती उशिरा कळलं! बारीक कात्रीनं टाके काढत बसले, अर्ध्या तासात परकर घोट्यापर्यंत आला. घडीची रेघ तेवढी राहिली. पाणी शिंपडून तीनदा इस्त्री फिरवली, तरी नीट बघितलं तर दिसते. थोरली म्हणाली, "राहू दे, आजीची रेघ आहे."

राहिला झब्बा. इथं दिवाळीची सुट्टी एकच दिवस असते, आणि ती तामिळ पद्धतीनं नरकचतुर्दशीला. म्हणजे आपल्या पहिल्या आंघोळीलाच. ती यंदा सोमवारी, २० तारखेला होती. हाताशी फक्त रविवार उरला.

ह्यांचं म्हणणं, गेल्या वर्षीचा एखादा शर्ट घालू दे, लहान आहे, त्याला काय कळतंय. मला ते पटलं नाही. लहान असतानाच तर कळतं. आमच्या लहानपणी बाबांचा बोनस धनत्रयोदशीच्या आगंमागं हातात पडायचा आणि मग त्या रात्री आपण सगळे बाजारात. कापडाच्या गावात राहून आपल्या अंगावरचं कापड मात्र सगळ्यांत शेवटी यायचं. एकाच ताग्यातून दादाचा शर्ट, माझा फ्रॉक, आत्याच्या दोघांचे शर्ट. दुकानदार कापडाचा पन्हा किती रुंद आहे ते बघून मोजायचा आणि तू शेवटी "अजून वीतभर धरा" म्हणायचीस. ज्या वर्षी शिंप्यानं चतुर्दशीच्या आदल्या रात्री "होत नाही" म्हणून कापड तसंच परत दिलं, ते वर्ष मी विसरले नाही. तू रात्रभर पायमशीन चालवलीस. माग बंद होते, सगळं गाव शांत, आणि तुझ्या मशीनचा तेवढा आवाज. मी मध्येच जागी झाले तेव्हा तू कंदिलाखाली काजं करत होतीस. पहाटे उटणं लावताना तुझ्या बोटांना सुयांची टोचणी दिसत होती. तो चौकड्याचा फ्रॉक मी दोन दिवाळ्या घातला. कारण त्यातही माया होती.

तर रविवारी दुपारी मुसळधार पाऊस झाला, थांबल्यावर निघालो. टॅम्पिनीसहून निळ्या लाइननं थेट लिटल इंडिया. जिन्यापाशी शेजारच्या मलय मावशी भेटल्या. कुठं निघालात विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, आमच्या ईदलाही आदल्या रात्रीच सगळे गेलांगच्या बाजारात असतात. त्यांच्यात ईदला घरातल्या सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायची रीत आहे. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. त्याला ते 'सेडोंडोन' म्हणतात. मार्चअखेरीस त्यांच्या ईदला मी फराळाचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा अकरा माणसं पिस्ता रंगात बसलेली बघितली. मला एकदम आपला तागा आठवला. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडेही असंच होतं. पैसे वाचावेत म्हणून होतं, हे काही सांगितलं नाही. पण आता वाटतं, सांगायला हवं होतं.

टेक्का सेंटर तुला दाखवायचं राहूनच गेलंय. बाबांना सांग, त्याला लागून जो रस्ता आहे त्याचं नावच बफेलो रोड. एके काळी तिथं गुरांचा बाजार आणि गोठे होते. सध्याची इमारत १९८२ची. खाली मासळी, मटण, भाजी, कढीपत्त्याच्या जुड्या, एका बाजूला खाण्याचे ठेले. जिना चढून वर गेलं की कपडेच कपडे. छतापर्यंत टांगलेले. पंजाबी ड्रेस, घागरे, जरीची धोतरं, मुलांचे झब्बे, आणि मधल्या बोळात शिवणयंत्रं मांडून बसलेले दुरुस्तीवाले शिंपी. एवढ्या चकचकीत शहरात तो एक मजला मला आपल्या बाजारासारखा वाटतो. उभं राहायला जागा नाही, आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नाही.

रविवार म्हणजे बांधकामावरच्या मजुरांचा सुट्टीचा दिवस. तामिळनाडूतली, बांगलादेशातली पोरं हजारोंनी त्या भागात येतात. त्यात दिवाळीची आदली रात्र. एका दुकानाबाहेर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा फोन समोर धरून उभा होता. पडद्यावर एक बाई आणि तिच्या कडेवर लहान मूल. तो एका हातानं गुलाबी फ्रॉक धरून फोनपुढं नाचवत होता. फ्रॉक दिवाळीला पोहोचणार नाही हे त्यालाही माहीत असणार. मूल हसलं, तसा त्यानं फ्रॉक घेतला. घासाघीस केली नाही. माझा पाय तिथून निघेना.

आमचं मात्र काही जमत नव्हतं. धाकट्याला २८ नंबर घट्ट, ३० हवा. पहिल्या चार दुकानांत ३० संपलेला. एकीकडे होता तो चमकीचा, मानेला टोचणारा. त्यानं घालून बघितला आणि खाजवायला लागला. थोरली दमली होती. तिला खाली इडली खायला ह्यांच्याबरोबर पाठवलं. पाचव्या दुकानात एक आजी बसल्या होत्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, गळ्यात मोजपट्टी. मी मापं सांगितली. त्यांनी मान हलवली, संपलं. मग पोराकडे नीट बघितलं, खांद्यावर वीत ठेवून मोजलं, उठल्या आणि दारातल्या पुतळ्याच्या अंगावरचा झब्बा उतरवायला लागल्या. मोरपंखी, सुती, गळ्याला बारीक किनार. ३२ नंबरचा होता. "बिग," मी म्हटलं. "बिग गुड," त्या म्हणाल्या. आई, अगदी तू बोललीस असं वाटलं. वाढत्या अंगाचं घ्यावं, हे सांगायला त्यांना जास्त इंग्रजी लागलं नाही.

२८ डॉलर झाले. इथला एक डॉलर आपल्या ६८ रुपयांच्या आसपास आहे. मनात गुणाकार केला, एकोणीसशेवर गेला, आणि देऊन टाकले.

शिंप्याकडे नऊ जण पुढं होते. सगळ्यांचं सकाळी लागणारं. कुणाच्या ब्लाउजची कूस, कुणाच्या पँटची उंची. तो मान वर न करता काम करत होता. आमची पाळी आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्यानं धाकट्याला उभं केलं, बाहीला खडूची खूण केली आणि कात्री उचलली. मी घाईनं म्हणाले, "कापू नका!" मराठीतच तोंडातून गेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कापड आत दुमडून दाखवलं. त्यानं कात्री खाली ठेवली, दोन बोटं वर केली, म्हणाला, "नेक्स्ट इयर. यू ओपन." मी हो म्हटलं. मग खालच्या घेरालाही त्यानं तशीच पट्टी आत घातली, टीप सैल मारली, उसवायला सोपी जावी म्हणून. माझ्याकडून सहा डॉलर घेतले आणि पुढच्याचं काम हातात घेतलं.

निघताना त्या आजींनी हाक मारून थांबवलं. बोटानं झब्ब्याच्या कोपऱ्याला हात लावून म्हणाल्या, "मंजळ." हळद. त्यांच्याकडे नवं कापड अंगावर घालायच्या आधी एका टोकाला हळदीचं बोट लावतात. मी म्हटलं, आमच्याकडेही, हळद आणि कुंकू. त्या एवढ्या खूश झाल्या की धाकट्याच्या हातात मोगऱ्याचा एक गजरा दिला. तो त्यानं घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेवला होता.

घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजत होते. सगळे कपडे देवापुढं ठेवले, प्रत्येकाच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पहाटे साडेचारला उठले. इथं सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळं पोरांना आंघोळी घालायला वेळ भरपूर मिळतो. तू दिलेलं उटणं वापरलं, अजून अर्धी पुडी शिल्लक आहे. फटाके १९७२पासून बंदच आहेत, फुलबाज्या लावल्या. थोरली तुझ्या परकरात आणि धाकटा मोरपंखी झब्ब्यात. खालच्या मजल्यावरच्या तामिळ काकूंनी विचारलं, "गंगास्नान झालं का?" त्यांच्यात दिवाळीच्या सकाळी असंच विचारायची पद्धत आहे. थोरलीनं तेलानं चमकणारे केस दाखवले.

उद्या भाऊबीज. दादाला मी पहाटेच फोन करीन, तुमच्याकडे साडेतीन-चार वाजले असतील तरी त्याला उठव.

पुडक्यातला पिवळा झब्बा दादाच्या मुलाला घाल. एकदाही बाहेर घातलेला नाही, त्याच्यासाठी नवाच आहे. त्याला मात्र आधी हळदीचं बोट लाव. तुझ्यासाठी टेक्कातूनच एक सुती कापड घेतलंय, पन्हा मोठा आहे, ब्लाउज होऊन वर उरेल. बाबांचे गुडघे कसे आहेत ते दादाला लिहायला सांग. फोनवर ते "बरं आहे" एवढंच म्हणतात.

आणि आता दोघांची आजची मापं लिहून देते. पुढची दिवाळी डोळ्यांसमोर धरून जानेवारीपासूनच हाताशी कापड घे, त्या वेळी दोघांचंही तूच शिव.

थोरली: उंची कमरेपासून घोट्यापर्यंत ३१ इंच, छाती २७, बाही ५.
धाकटा: झब्ब्याची उंची २६, छाती २५, खांदा ११, बाही १६.

घेर सैल धर, आणि माया तुला वाटेल तेवढी.

तुझी लेक